अकरा पात्र फेऱ्या, तरी किताब अधुरा: वासशोध स्पर्धेतल्या एका जोडीचा हिशेब

१४ फेऱ्यांपैकी ११ फेऱ्यांत कुत्र्याने लपवलेला वास शोधून दाखवला आणि ११ वेळा परीक्षकाने ‘पात्र’ असा शेरा मारला. तरीही पाचव्या स्पर्धेच्या संध्याकाळी नोव्हिस, म्हणजे सर्वांत खालच्या, नवशिक्या पातळीचा एकत्रित किताब या जोडीच्या नावावर नाही. कुत्रा कमी पडला का? थोडाफार पडला. पण खरी गफलत मैदानावर झालेली नाही, ती अर्ज भरताना झालेली आहे.

ही जोडी उदाहरणासाठी उभी केली आहे. तिच्या चुका मात्र नोव्हिस गटात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या आहेत, म्हणून त्या एका वहीत गोळा केल्या. कुत्रा चार वर्षांचा नर, मिश्र जातीचा. स्पर्धा अमेरिकन केनेल क्लबची, म्हणजे ए.के.सी.ची. मिश्र जातीमुळे काही अडत नाही. अशा कुत्र्यांसाठी क्लबची ‘कॅनाइन पार्टनर्स’ ही वेगळी नोंदणी आहे आणि तिचा क्रमांक असला की प्रवेश मिळतो. वय किमान सहा महिने लागतं. कुत्र्याला फिरवणारी बाई, म्हणजे हँडलर, या खेळात पहिल्यांदाच उतरलेली आहे.

किताब कशाचा बनतो

ए.के.सी.ने वासशोधाचा हा खेळ २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केला. त्यातल्या मुख्य विभागात चार घटक आहेत. कंटेनर म्हणजे खोकी, इंटीरिअर म्हणजे घरातली किंवा इमारतीतली जागा, एक्स्टीरिअर म्हणजे उघड्यावरची जागा आणि बरीड म्हणजे पुरलेला वास. पातळ्याही चार: नोव्हिस, अॅडव्हान्स्ड, एक्सलंट, मास्टर. नोव्हिसला फक्त बर्चच्या तेलाचा वास असतो. वर चढत जाल तसे अॅनिस, लवंग आणि सायप्रस येऊन मिळतात. तेलाचा वास दिलेला कापूसकाडीचा तुकडा एखाद्या छोट्या डबीत घालून लपवतात. नोव्हिसला असा वास एकच असतो, आणि एकच आहे हे हँडलरला आधीपासून माहीत असतं. कुत्र्याने जागा दाखवली असं वाटलं की हँडलर ‘अलर्ट’ म्हणते. परीक्षक ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतात. ‘नाही’ आलं की फेरी तिथेच अपात्र. वेळ दोन-तीन मिनिटांचा असतो आणि शेवटचे ३० सेकंद उरले की तशी सूचना मिळते.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. नोव्हिसमधल्या एका घटकाचा किताब मिळवायला त्या घटकात तीन पात्र फेऱ्या लागतात, आणि त्या किमान दोन वेगवेगळ्या परीक्षकांच्या हाताखाली झालेल्या असाव्या लागतात. कंटेनरचा किताब एस.सी.एन., इंटीरिअरचा एस.आय.एन., एक्स्टीरिअरचा एस.ई.एन., बरीडचा एस.बी.एन. हे चारही जमले की नोव्हिसचा एकत्रित किताब एस.डब्ल्यू.एन. मिळतो. एकत्रित किताबासाठी वेगळी परीक्षा नाही; चारांची बेरीज हीच ती परीक्षा. हँडलर डिस्क्रिमिनेशन नावाचा आणखी एक विभाग आहे. त्यात कुत्र्याला तेलाऐवजी आपल्याच माणसाचा अंगवास शोधायचा असतो. त्याचे किताब स्वतंत्र आहेत आणि ते या बेरजेत धरले जात नाहीत. त्या विभागात फेऱ्या लावून एस.डब्ल्यू.एन. जवळ येईल असं समजणारे नवखे लोक बरेच भेटतात.

पहिला-दुसरा क्रमांक, कमी वेळ, रिबिनी यांचा किताबाशी संबंध नाही. क्रम लावताना दोष आणि वेळ पाहिले जातात. किताबासाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ एवढंच मोजतात. वेळ संपायला दोन सेकंद उरले असताना सापडलेला वास आणि अकराव्या सेकंदाला सापडलेला वास किताबाच्या खात्यात सारखेच.

वहीतल्या नोंदी

परीक्षकांना क, ख, ग म्हणू. स्पर्धा पाच.

कंटेनर: पहिली, दुसरी आणि तिसरी स्पर्धा, तिन्ही फेऱ्या पात्र, तिन्ही वेळा परीक्षक क. चौथ्या आणि पाचव्या स्पर्धेत या घटकाचा अर्जच भरला नाही.

इंटीरिअर: पहिल्या स्पर्धेत चुकीचा इशारा, अपात्र. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्पर्धेत क यांच्याकडे पात्र, चौथ्या स्पर्धेत ख यांच्याकडे पात्र.

एक्स्टीरिअर: पहिल्या आणि दुसऱ्या स्पर्धेत ख यांच्याकडे पात्र. तिसऱ्या स्पर्धेत वेळ संपला. चौथ्या स्पर्धेत जागा भरल्यामुळे प्रवेश मिळाला नाही. पाचव्या स्पर्धेत ग यांच्याकडे पात्र.

बरीड: पहिल्या आणि पाचव्या स्पर्धेत हा घटक ठेवलेलाच नव्हता. दुसऱ्या स्पर्धेत ख यांच्याकडे पात्र, तिसऱ्या स्पर्धेत कुत्र्याने शोधाच्या जागेत लघवी केल्यामुळे अपात्र, चौथ्या स्पर्धेत पुन्हा ख यांच्याकडे पात्र.

म्हणजे एस.आय.एन. आणि एस.ई.एन. मिळाले. बरीडमध्ये एक फेरी कमी आहे, हे हँडलरलाही ठाऊक आहे. पण कंटेनर आपल्या खिशात आहे अशी तिची समजूत आहे, आणि तो तिथे नाही. तीन फेऱ्या आहेत, परीक्षक एकच आहे. म्हणून एस.सी.एन. नाही.

हे सर्वांत जास्त हळहळायला लावणारं नुकसान आहे, कारण ते टाळायला कुत्र्याने काहीच जास्त करायची गरज नव्हती. चौथ्या स्पर्धेत कंटेनरचे परीक्षक ख होते. ‘कंटेनर झालं’ असं समजून तिथे अर्ज भरला नाही. खोकी हा या कुत्र्याचा सर्वांत पक्का घटक; एकसारखी १० खोकी मांडलेली असतात, त्यातल्या एकात वास. तिन्ही वेळा त्याने मिनिटभराच्या आत बरोबर खोकं दाखवलं होतं. त्या दिवशी चौथी फेरी धावला असता तर बहुधा किताब पूर्ण झाला असता.

यापुढचा धोका आणखी वाईट होता. किताब मिळाला या समजुतीत कंटेनरचा पुढचा अर्ज अॅडव्हान्स्डमध्ये भरला असता, तर तिथली पात्र फेरी बाद धरली गेली असती, कारण खालचा किताब हाती नसताना वरच्या पातळीला प्रवेशाचा हक्कच नसतो. इंटीरिअर आणि एक्स्टीरिअरमध्ये मात्र आता अॅडव्हान्स्डला जायला हरकत नाही. एकाच कुत्र्याने एका घटकात वरच्या आणि दुसऱ्या घटकात खालच्या पातळीला धावणं ए.के.सी.मध्ये नेहमीचं आहे. फक्त अॅडव्हान्स्डसाठी बर्चच्या जोडीला अॅनिस आधी पक्का शिकवलेला हवा.

या प्रकारच्या चुकीचं मूळ एकच: आयोजक क्लबचं किंवा मैदानाचं नाव पाहून वेगळेपणा ठरवला जातो. तीन वेगळ्या ठिकाणी धावलो म्हणजे तीन वेगळे परीक्षक झाले, असं मनात धरलं जातं. प्रत्यक्षात परीक्षक गावोगाव फिरत असतात, आणि एकाच दिवशी खोक्यांना एक परीक्षक तर खोल्यांना दुसरा असंही असतं. म्हणून स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेत, तिथले लोक ज्याला प्रीमियम लिस्ट म्हणतात त्यात, स्पर्धेचे परीक्षक कोण एवढं पाहून भागत नाही. त्या घटकाचा त्या पातळीचा परीक्षक कोण ते पाहावं लागतं. वहीत प्रत्येक फेरीसमोर तारीख, स्पर्धेचा क्रमांक, घटक, पातळी, परीक्षकाचं नाव, शेरा, वेळ आणि दोष एवढ्या आठ गोष्टी हव्यातच. या जोडीच्या वहीत परीक्षकाचा रकाना नव्हता.

तीन अपात्र फेऱ्या

पहिली, इंटीरिअर. खोली लहान, भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्या, एका बाजूला लोखंडी कपाट. वास एका खुर्चीच्या बैठकीखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर. वरच्या झडपेतून थंड हवा खाली येत होती. हवा खुर्च्यांवरून सरकत कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन अडत होती आणि जाताना वासही तिथे नेऊन टाकत होती. कुत्रा कोपऱ्यात शिरला, मान झटक्यात वळली, शेपटीची लय बदलली, श्वास जलद आणि आखूड झाला. इथपर्यंत त्याचं काम अगदी बरोबर होतं. वास पकडला हे तो सांगत होता. वास कुठून येतो ते अजून ठरायचं होतं. तो कपाटाची कड खालून वर हुंगत गेला, परत फिरायला म्हणून एक पाऊल मागे घेतलं, आणि तेवढ्यात हँडलर थांबली. तिचा हात खाऊच्या पिशवीकडे गेला. कुत्र्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला इशारा वाटली. ‘अलर्ट’ म्हटलं, परीक्षक ‘नाही’ म्हणाले.

नाक चुकलं नव्हतं. पाय थांबले आणि हात हलला, या दोन गोष्टींनी कुत्र्याला सांगितलं की जागा हीच. जिथे वास साठून राहतो तिथे कुत्रा उत्सुक होतो, पण त्याचं हुंगणं पसरट राहतं: इकडे, तिकडे, वर, खाली. उगमापाशी ते आक्रसत जातं. नाक एका बिंदूकडे पुन्हा पुन्हा येतं, आणि माणूस दोन पावलं पुढे गेला तरी कुत्रा जागा सोडत नाही. ही शेवटची कसोटी हँडलरच्या हातात असते. सरावात ती अशी बसवावी: ज्याने वास लपवला त्याने हँडलरला जागा सांगायची नाही, कुत्रा उत्सुक झाला तरी हँडलरने चालत राहायचं, मनात सावकाश दोन अंक मोजायचे, कुत्रा बिंदूला धरून राहिला तरच शब्द उच्चारायचा. खाऊ नेहमी उगमाच्या जागी, नाकासमोर द्यायचा. हँडलरच्या पायाशी दिला तर कुत्रा हळूहळू पायाकडेच पाहायला शिकतो. सरावाच्या काही शोधांत वास ठेवूच नये. नोव्हिसच्या स्पर्धेत रिकामी जागा येत नाही, तरी ‘इथे काही नाही’ असं वागणारा आपला कुत्रा कसा दिसतो हे पाहून ठेवलेलं असलं की ‘इथे आहे’ ओळखता येतं.

दुसरी, एक्स्टीरिअर. दुपारची वेळ, गवताचा पट्टा, एका अंगाला कुंपण. वास कुंपणाच्या खांबाला लावलेला आणि वारा खांबाकडून मोकळ्या गवताकडे. जोडीने सुरुवात कुंपणालगतच केली, पण खांबाच्या पलीकडे, म्हणजे जिकडून वारा येतो त्या बाजूला. तिथे वासाचा कणही पोचत नव्हता. कुत्र्याने गवतातले जुने माग हुंगण्यात वेळ घालवला. अर्धा वेळ असा गेला. ३० सेकंदांची सूचना आली आणि हँडलर बोटाने वस्तू दाखवू लागली, दोरी आखडली. कुत्रा मग तिच्या बोटामागे फिरत राहिला.

उघड्यावर पहिलं काम वाऱ्याची दिशा पाहण्याचं. सुरुवातीच्या रेषेवर पोचण्याआधी गालावर वारा कुठून लागतो, गवताची पाती कुठे झुकतात हे बघायचं आणि वारा जिथे जाऊन पोचतो त्या कडेने कुत्र्याला आडवं न्यायचं. वासाचा झोत उगमाजवळ अरुंद असतो आणि लांब जाताना रुंदावतो. त्यामुळे त्या कडेवर तो कुठेतरी नाकाला लागतोच, आणि लागला की कुत्रा वाऱ्याच्या उलट चढत उगमापर्यंत जातो. शेवटच्या ३० सेकंदांत न पाहिलेल्या एकाच भागाकडे शांतपणे चालत जावं. बोट दाखवून सापडलेला वास फार कमी वेळा पाहायला मिळतो.

तिसरी, बरीड. नोव्हिसला वास माती किंवा वाळू भरलेल्या डब्यांपैकी एकात पुरलेला असतो. नर कुत्र्याला मातीचा डबा म्हणजे पाय वर करायचं आमंत्रण. शोधाच्या जागेत लघवी वा शी झाली की फेरी अपात्र, मग वास सापडायला हातभर अंतर उरलेलं का असेना. इथे दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. आधीची फेरी लवकर आटोपल्यामुळे कुत्र्याला बाहेर फिरवून आणणं राहिलं, आणि घरचा सराव अंगणातल्या मातीवर झाला होता, ज्यात त्याचाच वास मुरलेला होता. सरावाची माती पिशवीतली कोरी असावी. तो डब्यापाशी नाक खाली धरून गोल फिरू लागला की हँडलरने न बोलता पुढच्या डब्याकडे चालू लागावं. चालता कुत्रा पाय वर करत नाही. आणि प्रत्येक फेरीआधी बाहेर नेण्याचा वेळ ठरलेला असावा, कुत्र्याने मागितला तरच असं नको.

हाच कुत्रा दुसऱ्या संस्थेत

तुलना केली की किताबाची रचना जास्त स्पष्ट होते. नॅशनल असोसिएशन ऑफ केनाइन सेंट वर्क ही संस्था रॉन गाँट, एमी हेरॉट आणि जिल मरी ओब्रायन या प्रशिक्षकांनी उभी केली. पोलीस आणि इतर शोधकुत्र्यांना शिकवण्याची पद्धत त्यांनी घरगुती कुत्र्यांसाठी बेतली. तिथे स्पर्धेआधी वास ओळखण्याची वेगळी चाचणी द्यावी लागते: एकसारख्या खोक्यांमधून वासाचं खोकं दाखवणं. त्यानंतर पहिली पातळी एन.डब्ल्यू.१. घटक चार, पण पुरलेल्या वासाच्या जागी गाड्या येतात. आणि मुख्य फरक असा की हा किताब मिळवायचा तर चारही घटक एकाच दिवशी जमले पाहिजेत. तीन जमले आणि चौथा हुकला तर त्या तिन्हींचं काही पुढे सरकवून या किताबाकडे नेता येत नाही.

आपल्या कुत्र्याचं यश १४ पैकी ११, म्हणजे फेरीमागे साधारण ७९ टक्के. चारही घटकांत तेवढंच यश आणि प्रत्येक फेरी स्वतंत्र धरली, तर चारही एका दिवसात जमण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे अशा पाच दिवसांपैकी दोन दिवस किताब, तीन दिवस रिकाम्या हाताने घरी. ए.के.सी.च्या पद्धतीत त्याच कुत्र्याला १२ पात्र फेऱ्यांसाठी सरासरी १५-१६ फेऱ्या धावाव्या लागतील. एक पद्धत एका दिवसाची सलग स्थिरता मागते, दुसरी चिकाटी आणि नीट ठेवलेली वही. कोणती सोपी हे कुत्र्यावर ठरतं. दिवसभरात थकत जाणारा, चौथ्या शोधापर्यंत डोकं उडून जाणारा कुत्रा एका दिवसाच्या पद्धतीत अडतो. या जोडीचा कुत्रा तसा आहे. त्याच्या तीन अपात्र फेऱ्यांपैकी दोन त्या-त्या दिवसाच्या शेवटच्या शोधात झाल्या. म्हणून तिने ए.के.सी. निवडलं ते योग्यच होतं, आणि म्हणूनच परीक्षकाचा रकाना विसरणं तिला जड गेलं.

उरलेलं काम

कंटेनरची एक पात्र फेरी हवी, क सोडून कोणाकडेही. बरीडची एक हवी, ख सोडून कोणाकडेही. समोर दोन प्रवेशपत्रिका आहेत. जवळच्या मैदानावरच्या स्पर्धेत दोन्ही घटक आहेत, नोव्हिसला जागाही आहे. कंटेनरचे परीक्षक क, बरीडचे ख. तिथे दोन्ही फेऱ्या उत्तम झाल्या तरी दोन्हींपैकी एकही किताब पूर्ण होणार नाही. दुसरी स्पर्धा गाडीने चार तासांवर. परीक्षक तेच दोघे, पण कंटेनर ख यांच्याकडे आणि बरीड क यांच्याकडे. शिवाय शनिवारी एक आणि रविवारी एक अशा दोन स्पर्धा लागोपाठ आहेत, म्हणजे एखादी फेरी हुकली तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येईल. अर्ज दुसऱ्या स्पर्धेचा भरायचा, दोन्ही दिवसांचा, फक्त या दोन घटकांचा. इंटीरिअर-एक्स्टीरिअरचं अॅडव्हान्स्ड त्या आठवड्यात घ्यायचं नाही, म्हणजे बरीड हा दिवसाचा शेवटचा, थकलेला शोध ठरणार नाही. दोन्ही पात्र झाल्या की वेगळा अर्ज करावा लागत नाही. निकालांची नोंद झाली की एस.सी.एन., एस.बी.एन. आणि त्यांच्यासोबत एस.डब्ल्यू.एन. कुत्र्याच्या नावावर चढतात. गाडीत सामान भरताना पिशवीतली कोरी माती आणि रिकामा डबा सोबत घ्यायचा. मुक्कामाच्या ठिकाणी, शुक्रवारी संध्याकाळी, बाहेर फिरवून आणल्यानंतर एकच सराव करायचा.